घंटागाडीला ठाऊक असलेली गल्ली

परवा एका समारंभात वक्त्यांनी व्यासपीठावरून सांगून टाकले, की फोनमध्ये जीपीएस आल्यापासून अंधांचा हिंडण्याफिरण्याचा प्रश्न सुटला आहे. टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो, काठी मिटून मांडीवर घेतलेली. ते गृहस्थ मनाने चांगले आहेत, तरी मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. प्रश्न सुटला असे एकदा म्हटले, की नगरसेवकापासून दुकानदारापर्यंत कोणालाच काही करायचे उरत नाही. फूटपाथवर खोक्यांची थप्पी लावणाऱ्यालाही ती तिथून हलवायचे कारण उरत नाही.

जीपीएसने आम्हाला जे दिले ते मी मुळीच कमी लेखत नाही. रेजिनाल्ड गॉलेज हे कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठात भूगोलाचे प्राध्यापक होते. माणूस शहर मनात कसे साठवतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. 1984 मध्ये त्यांची दृष्टी गेली. पुढे मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस यांच्याबरोबर त्यांनी उपग्रहांच्या आधाराने अंधाला वाट सांगणारे यंत्र बनवायला घेतले. पाठीवर वागवायचे चांगलेच ओझे होते ते. त्या काळी अमेरिकेचे लष्कर नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकायची. मे 2000 मध्ये ती चूक घालणे थांबले आणि हे तंत्र सामान्य माणसाच्या उपयोगाचे झाले. आज मी इंदूरच्या स्टेशनवर रिक्षात बसतो, फोन कानाशी धरतो आणि विजयनगरला जाताना रिक्षा पलासियावरून चालली आहे की भलतीकडे, हे कोणालाही न विचारता मला कळते. हे स्वातंत्र्य मोठे आहे. ते नसतानाचे दिवस मी काढलेले आहेत.

रिक्षातून उतरलो की गोष्ट बदलते. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन जागा सांगतो ती साधारण पाच मीटरच्या फरकाने. गाडीत बसलेल्याला पाच मीटरचे काही वाटत नाही. एबी रोडच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्यासाठी तेवढ्याच अंतरात फूटपाथही आहे आणि भरधाव बसही आहे. मारोठिया बाजार, बर्तन बाजार, सराफा इथल्या गल्ल्यांत तर डोक्यावर आकाशाची अरुंद पट्टीच असते. उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून फोनपर्यंत येतो आणि फोन मला शेजारच्या गल्लीत उभा समजतो. शिवाय मी कुठे आहे हे त्याला कळले, तरी माझे तोंड कोणीकडे आहे हे मी चार पावले टाकल्याशिवाय त्याला बऱ्याचदा नीट उमगत नाही, आणि नेमकी तीच चार पावले जोखमीची असतात. ‘आपण पोहोचलात’ असे तो म्हणतो, तेव्हा मी दुकानाच्या भिंतीशी असतो. दार शोधायचे बाकीच असते.

सराफ्याची तर दोन रूपे आहेत. दिवसभर सोन्याचांदीची दुकाने, आणि रात्री त्यांची शटरे पडली की त्याच ओटल्यांपुढे खाण्याच्या गाड्या. रात्री तिथे मी गराडूच्या तळणीच्या वासावर आणि भुट्ट्याचा कीस परतणाऱ्या कालथ्याच्या आवाजावर चालतो. सकाळी त्या जागी त्यातली एकही खूण नसते. नकाशात मात्र सराफा एकच आहे, कायम दिवसाचा.

आता जी तुलना आठवडाभर माझ्या मनातून हलत नाही, तिच्याकडे येतो. या शहरात उपग्रहांच्या साक्षीने रोज गल्लीबोळांतून फिरणारे आणखी कोणी आहे. ती म्हणजे कचऱ्याची गाडी. पुण्याकडचे वाचक तिला घंटागाडी म्हणतात. सकाळी गाणे वाजवत ती दाराशी येते. सहा प्रकारांत वेगळा केलेला कचरा घेते आणि पुढे जाते. तिच्यावर जीपीएस बसवलेले आहे. ती कोणत्या गल्लीत गेली आणि कोणती गल्ली राहिली, हे नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसलेल्या माणसाला दिसते. 2017 पासून इंदूर स्वच्छतेत देशात आघाडीवर आहे, त्यात झाडूइतकाच या हिशेबाचा वाटा आहे.

माझ्या फोनला जागा सांगणारे आणि त्या गाडीला जागा सांगणारे उपग्रह वेगळे नाहीत. त्यांची चूकही गाडीसाठी कमी होत नाही. तरी गाडी नेमकी दाराशी थांबते आणि मी माझ्याच शहरात गल्लीच्या तोंडाशी चाचपडतो. असे का, याचा विचार करा. उपग्रहाने सांगितलेली जागा हा त्या व्यवस्थेचा सगळ्यात लहान भाग आहे, बाकीचे माणसांनी केलेले आहे. कोणीतरी वस्त्यांमधून फिरून घरे मोजली. कोणती गल्ली पुढे बंद होते, मोठी गाडी कुठे वळत नाही, कोणत्या घराचे दार मागच्या बोळात उघडते, हे जाणून घेतले. मग त्या वाटेवर रोज जाणारी माणसे नेमली आणि वाट चुकली तर जाब विचारणारेही नेमले. हे सगळे झाल्यावर उपग्रहाची पाच मीटरची चूक कोणाला जाणवतही नाही, कारण शेवटचे पाच मीटर माणसाच्या ओळखीचे असतात.

आमच्या गल्लीत गाडीबरोबर ज्या ताई येतात, त्यांना मी एकदा थांबवून विचारले की इथून चौकापर्यंत मला सांभाळायला हवे असे काय काय आहे. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “काका, पिंपळाच्या पुढच्या चेंबरचं झाकण डुगडुगतं, तिथं भिंतीच्या कडेनं जा. त्या पिठाच्या गिरणीची पायरी पुढं आलीय. आणि वळणावर खांबाची तार खाली लोंबते, डोकं सांभाळा.” तार तर काठीला कधीच सापडली नसती, कारण काठी कमरेच्या खालचे सांगते. अशी माहिती इंदूरच्या जवळजवळ प्रत्येक गल्लीबद्दल कोणा ना कोणाला तोंडपाठ आहे आणि त्यांना पगार शहराच्या कामासाठी मिळतो. ती कचऱ्याच्या कामी येते. माणसाच्या कामी यावी, असे अजून कोणाच्या मनात आलेले नाही.

माझ्या फोनमधल्या नकाशात रस्ता म्हणजे एक रेघ आहे. तिच्या कोणत्या अंगाला फूटपाथ आहे, तो कुठे तुटतो, कुठे विजेचा डबा आडवा येतो, यातले काही तिथे नाही, कारण तो नकाशा मोटार चालवणाऱ्यासाठी काढलेला आहे. यापेक्षा चांगले होऊ शकते हे मी अनुभवलेले आहे. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये साउंडस्केप नावाचे ॲप काढले होते. उजवीकडे वळा, डावीकडे वळा असे हुकूम ते देत नसे. जिथे जायचे त्या दिशेने कानात ठोका वाजत राही आणि आजूबाजूला काय आहे त्याची नावे आपापल्या दिशेने ऐकू येत. आपली वाट आपणच निवडायची. मला शहर असेच हवे आहे, कोणाच्या तरी आज्ञेत चालण्यापुरते नको. हे ॲप ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर चालत असे. जानेवारी 2023 मध्ये कंपनीने ते मागे घेतले, पण त्याची संगणकीय संहिता सगळ्यांसाठी खुली करून टाकली आणि त्यातून इतरांनी नवी ॲप उभी केली. त्याआधीच्याच वर्षी इथल्या एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या एका दृष्टिहीन तरुणाला त्याच मायक्रोसॉफ्टने नोकरी देऊ केल्याची बातमी साऱ्या इंदूरने अभिमानाने वाचली होती. म्हणजे बुद्धी आपल्याकडे आहे, संहिता खुली आहे आणि नकाशाही खुला आहे. इंदूरचे फूटपाथ आणि पायऱ्या त्या नकाशात भरायला महापालिकेला कोणाच्या परवानगीची गरज नाही. महापालिकेच्या इंदूर 311 ॲपवर लोक उघड्या चेंबरची तक्रार नोंदवतात. तीच नोंद पायी चालणाऱ्याच्या नकाशात गेली, तर दुरुस्ती होईपर्यंत निदान कोणाचा पाय तरी वाचेल.

स्वच्छतेने आमचे भले केले आहे, हेही इथे म्हटले पाहिजे. रस्त्यावरच्या कचरापेट्या गेल्या, मोकाट गुरे गेली. काठीला आडवे येणारे दोन मोठे अडथळे त्यामुळे कमी झाले. छप्पन दुकान ही खाण्याच्या दुकानांची गल्ली; ती 2020 मध्ये पादचाऱ्यांसाठी नव्याने बांधली गेली, गाड्या बाहेर ठेवल्या गेल्या, आणि तिथे माझी काठीवरची मूठ आपोआप सैल होते. ठरवले की या शहराला जमते, म्हणूनच मी इतक्या हट्टाने मागतो आहे.

गल्लीगल्लीतून हिंडून शहर ओळखणारा माणूस इथे पूर्वीही येऊन गेला आहे. नेहमीच्या वाचकांना पॅट्रिक गेडिस नवे नाहीत. होळकर दरबाराने बोलावलेल्या या स्कॉटिश नगररचनाकाराचा इंदूरवरचा अहवाल 1918 मध्ये दोन भागांत निघाला. प्लेगच्या दिवसांत, 1917 च्या दिवाळीला त्यांनी मिरवणूक काढली. ज्या गल्ल्या स्वच्छ होतील त्यांतूनच ती जाईल असे आधी पसरवले आणि लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या, हे मी पूर्वी लिहिले आहे. त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट मात्र राहिली होती. 1879 मध्ये ते मेक्सिकोत असताना डोळ्यांच्या आजाराने त्यांना दिसेनासे झाले आणि आठवड्यांमागून आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. त्या खोलीत खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपता चाचपता त्यांनी विचारांची चौकटींत मांडणी करण्याची आपली पद्धत शोधली. पुढे कागदाला घड्या घालून ती त्यांनी आयुष्यभर वापरली. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावरचे काम सुटले. इंदूरची जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढायला त्यांनी विरोध केला आणि गल्लीगल्लीत पायी हिंडून, जिथे जेवढे हवे तेवढेच कापायला सांगितले. त्यामागे ती अंधारी खोली होती, असे मी मानतो. कागदोपत्री पुरावा माझ्यापाशी नाही. पण बोटांनी जग ओळखण्याची वेळ ज्याच्यावर आलेली असते, त्याला वरून पाहिलेल्या नकाशावर समाधान मानता येत नाही, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथवरून सुरक्षित चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले, आणि ते फूटपाथ दिव्यांगांना वापरता येतील असे असले पाहिजेत असेही बजावले. प्रत्यक्षात आमचा विचार किती होतो, हे बीआरटीएसच्या, म्हणजे बसगाड्यांच्या राखीव मार्गाच्या, वेळी दिसले; त्याबद्दल मी पूर्वी लिहिले आहे. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक ही साडेअकरा किलोमीटरची सरळ, ठरलेल्या थांब्यांची वाट 2013 पासून आमच्या पायांच्या ओळखीची झाली होती. ती काढायचे ठरले तेव्हा मोटारींच्या कोंडीची चर्चा पुष्कळ झाली. त्या थांब्यांवर काठी टेकत येणाऱ्यांचे काय, हे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

माझी मागणी एका वाटेपुरती आहे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, तेव्हा जेल रोड, कृष्णपुरा, जवाहर मार्ग ते राजवाडा हा सगळा मार्ग अधिकारी आधी फिरून पाहतात, खड्डे बुजवतात, लोंबत्या तारा वर घेतात. यंदा त्या पाहणीला त्या भागातल्या कचरागाडीवरच्या ताईंना घेऊन जा. महेश दृष्टिहीन कल्याण संघातल्या मुलींना बोलवा, त्यांच्या काठीला काय लागते ते लिहून घ्या आणि सारे त्याच आठवड्यात खुल्या नकाशात भरा. झांक्या गेल्यावर तो मार्ग पुन्हा अडला तर कोणी जाब द्यायचा, त्या अधिकाऱ्याचे पदही जाहीर करा. कचरागाडीसाठी हे सगळे होते. मलाही बोलवा, मी काठी घेऊन येतो, जेल रोडपासून सुरुवात करू.

– पादचारी