ओढ्याकाठची निर्गुडी

ओढ्याला आपण नाला म्हणू लागलो आणि त्याची रया गेली. ओढ्याच्या काठी निर्गुडी असे. नाल्याच्या काठी सिमेंटची भिंत आणि प्लास्टिकच्या पिशव्या.

लोणार २०२० साली आणि ठाण्याची खाडी २०२२ साली रामसर पाणथळींच्या यादीत गेली. आनंद आहे. पण आपल्या सोसायटीमागच्या ओढ्याची ओली कड कुठल्याच यादीत येणार नाही. ती आपणच राखायची आणि त्यासाठी माझी शिफारस निर्गुडीची.

हे झुडूप आपल्या आज्यांच्या चांगल्या ओळखीचे. सांधा सुजला की पाला गरम करून बांधायचा, धान्यात कीड लागू नये म्हणून सुका पाला घालायचा. तीन किंवा पाच पर्णिकांचे पान, मागून पांढुरके. निळसर-जांभळे तुरे आले की मधमाश्या आणि फुलपाखरांची वर्दळ सुरू होते. गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून खेड्यात ती कुंपणाला लावतात. शिवाय मुळे काठाची माती धरून ठेवतात, हे काम भिंतीपेक्षा स्वस्तात होते.

लावायची तरी कशी? पावसाच्या तोंडाला पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची काडी ओलसर मातीत खोचावी. इमारतीच्या सावलीत, जिथे गुलाब रुसून बसतो, तिथेही ही जगते. मात्र थोडे तरी ऊन हवे; दाट सावलीत तुरे कमी येतात. वर्षातून एकदा छाटली की आटोपशीर राहते. औषधफवारणी मात्र नको, नाहीतर पाहुण्यांना बोलावून विष वाढल्यासारखे होईल.

सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास येतात: डास आणि साप. डासांची पैदास साचलेल्या पाण्यात होते, झुडपात नव्हे. सापाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मुलांच्या वाटेपासून चार हात दूर लावा, बुंधा मोकळा ठेवा, शेजारी राडारोडा आणि उष्टे-खरकटे टाकू नका. उंदीर नसले की सापालाही तिथे फारसे काम उरत नाही.

बँकेत उमर गेल्यामुळे मला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. पेव्हर ब्लॉक बसवले की त्या दिवसापासून त्यांची झीज सुरू होते. निर्गुडीची काडी मात्र वर्षागणिक वाढते. येत्या सभेत रंगरंगोटीच्या खर्चाखाली एवढी एक ओळ घालून घ्या: मागच्या काठाला दहा काड्या, खर्च शून्य.