चेहरा नेमका कुणाचा?

बालाघाटच्या बाजारात भरघोस मिशांच्या माणसाने पगडी चढवली, की कुणीतरी त्याला ‘लोकमान्य’ म्हणणारच. असं साम्य शोधण्यात निखळ आनंद आहे आणि तो जपावा. पण आपण जुळवतो तो चेहरा नसतोच. पगडी, मिशा, चष्मा हेच जुळवतो.

अभिनेते सुबोध भावे पडद्यावर २०११मध्ये बालगंधर्व झाले आणि २०१५मध्ये टिळक. माणूस एकच, आणि प्रेक्षकांनी दोन्ही रूपं मानली!

मूळ चित्राची तरी खात्री कुठे असते? एकेकाळी इब्राहिमखान नावाच्या माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून घरोघरी लागलं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३मध्ये डच साधनांतलं खरं चित्र पुढे आणलं. त्याआधी कुणी ‘अगदी महाराजांसारखा दिसतोस’ म्हटलं असेल, तर ते साम्य भलत्याशीच जुळलेलं होतं. म्हणून शाळेच्या भिंतीवर चित्र लावताना ते कुठून आलं, हे मुलांना सांगायलाच हवं.

बालाघाटचा स्वतःचा राजा मात्र या खेळाबाहेर राहिला. वाकाटक नृपती दुसरा पृथ्वीषेण याचे ताम्रपट याच जिल्ह्यात सापडले. त्यांत वडील नरेंद्रसेन आहेत, कुंतलच्या राजकन्येचा मुलगा ही ओळखही आहे. नाक-डोळ्यांचं वर्णन नाही.