पाय धुवायला पाणी

रत्नागिरीत राहते म्हटलं की पुण्या-मुंबईच्या बायका हटकून विचारतात, "म्हणजे अंतू बर्व्याच्या गावच्या का?" पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' आलं १९६२ साली. तेव्हापासून आम्ही सगळे तिरकस बोलणारे आणि चहाला विचारताना हिशेब करणारे! हसून सोडून देते झालं. पण आपल्याला एका साच्यात बसवलं की कसं वाटतं, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. आणि तरी डोंगरावरच्या माणसांच्या बाबतीत आपण तेच करतो की हो!

'जैत रे जैत' आठवतो ना? १९७७ चा जब्बार पटेलांचा सिनेमा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. त्यातली ठाकरं निदान रागावतात, हट्टाला पेटतात, देवावरही चिडतात. माणसं वाटतात. २०१९ साली 'हिरकणी' आला. कडा उतरणारी आई आपण डोळे पुसत पाहिली. पण ती गडावर गेली होती दूध घालायला, हे कितीजणींच्या ध्यानात राहिलं?

आणि आता हे मोबाइलवरचे व्हिडिओ. चूल, भाकरी, मागे बासरी आणि वर 'गरीब, पण मनाने श्रीमंत'.

आमच्याच घरात असा एक तयार झाला. मे महिन्यात पुण्याचा भाचा आला होता. संगमेश्वर तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर आम्ही चौघं गेलो. चढून जीव नुसता मेटाकुटीला आला. घरातल्या बाईंनी घोंगडी अंथरली, पाय धुवायला तांब्या दिला. मी आपली घरच्या विहिरीवर असल्यासारखी पायांवर, तोंडावर पाणी घेतलं. वर आणखी एक तांब्या मागितला! मग "वाईच च्या घ्या, बाय" म्हणत त्यांनी गुळाचा कोरा चहा दिला. गोठ्यात म्हशी असून कोरा का? दूध सकाळीच खाली विकायला गेलेलं. त्याच्यावरच तर घर चालतं.

चहा होतोय तोवर त्यांची मुलगी रिकामा हंडा घेऊन उतारावरून निघाली. भाच्याने तिचं छान चित्रण केलं. मी विचारलं तेव्हा कळलं, झरा पार खाली, जाऊन-येऊन तास मोडतो. आपल्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो उतारावरून थेट समुद्राला जातो. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की धनगरवाड्यांची नावं पेपरात येतात, ती आपण वाचून पान उलटतो. ती पोर मी सांडलेलं पाणी भरायला निघाली होती.

व्हिडिओत ती संध्याकाळच्या उन्हात, बासरीच्या सुरात चालते आहे. खाली लोकांनी लिहिलंय, किती निवांत जीवन! भाच्याला म्हटलं, ती कुठे चालली आहे तेवढं तरी लिही. तर म्हणतो, "मावशी, मग बघणार कोण?"

आता मैत्रिणींनो, कुणी अशा वस्तीवर जाणार असाल तर दूध-तूप विकत घ्या, घासाघीस न करता. चहापूड-साखर न्या. निघताना लेकराच्या हातात पैसे ठेवायला संकोचू नका.

पाणी न्यावं का, ते मात्र मला ठामपणे सांगता येत नाही. दिवाळीनंतर मी पुन्हा गेले, तेव्हा पाच लिटरचा कॅन यांच्या खांद्यावर दिला होता. बाईंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "आमच्याकडं पाणी नाय व्हय, बाय?" म्हणाल्या. कॅनमधलं पाणी त्यांनी सरळ रेडकापुढे ओतलं आणि आत जाऊन तोच तांब्या काठोकाठ भरून आणला.

मी मुकाट्याने पायांवर अर्धाच ओतला.