जुने ऑइल ओतून देण्याआधी

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत बिडकीन लागते. एकीकडे 29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रार्पण झालेले 7855 एकरांचे औद्योगिक क्षेत्र आणि दुसरीकडे कापूस, मका, ऊस, मोसंबीची शेती, असे या गावाचे आजचे रूप आहे. या दोन्हींचा भार डिझेल इंजिने वाहतात. पेरणीपासून ऊस वाहतुकीपर्यंत राबणारा ट्रॅक्टर, मुरूम वाहणारा हायवा, पाया खोदणारा जेसीबी यांपैकी एक जरी ऐन हंगामात उभा राहिला तरी पाठोपाठ चार कामे थांबतात. अशा यंत्रांची ऑइल बदली ठरावीक पद्धतीने होते. चेंबरचा बोल्ट सैल करायचा, काळे ऑइल घमेल्यात काढायचे, जुना फिल्टर पिळून काढून कोपऱ्यात टाकायचा, नवा बसवायचा आणि बिल करायचे. जुन्या ऑइलकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. ते सेंट्रिंगच्या पाट्यांना लागते, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासले जाते, नाही तर भंगारात जाते. माझे म्हणणे असे की, इंजिनाच्या आत गेल्या दोन-अडीचशे तासांत काय घडले याचा सर्वांत स्वस्त आणि विश्वासू पुरावा आपण दर बदलीला न पाहता फेकून देतो. ही सवय बदलली पाहिजे, आणि ती बदलण्यासाठी लागणारे बहुतेक सगळे या परिसरात आधीच आहे.

ऑइल इंजिनातल्या प्रत्येक घासणाऱ्या जागी जाते आणि तिथून परत चेंबरमध्ये येते. जिथे धातू झिजतो तिथला कण ते सोबत आणते, आणि कण कोणत्या धातूचा आहे यावरून तो कुठून आला हे बरेचसे ओळखता येते. लायनर, क्रँक, कॅम आणि गिअर झिजले की लोखंड वाढते. पिस्टन झिजला की ॲल्युमिनियम दिसते. रिंगांवर क्रोमचा मुलामा असेल तर क्रोमियम. बेअरिंगवर मऊ धातूचे थर असतात. वरचा शिसे-कथिलाचा थर आधी झिजतो आणि त्याखालचे तांबे नंतर उघडे पडते, म्हणून शिशामागोमाग तांबे वाढू लागले तर बेअरिंग शेवटाकडे निघाले असे समजावे. सिलिकॉन वाढले तर बहुतेकदा हवेतली धूळ आत शिरते आहे. सोडियम किंवा पोटॅशियम दिसले तर रेडिएटरच्या कूलंटला कुठून तरी वाट मिळाली आहे. मराठवाड्यात यातली धुळीची गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते. उन्हाळी नांगरटीत आणि मळणीत इंजिन अक्षरशः धुळीच्या ढगात चालते. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाला बारीक चीर पडली किंवा क्लिप सैल झाली, तर बाहेरून काहीच कळत नाही. आत मात्र ती धूळ पॉलिश पेपरसारखी लायनर आणि रिंगा घासत राहते. सिलिकॉन, लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम एकदम वाढलेले दिसले की पहिला संशय त्या पाइपावर घ्यायचा असतो. वेळीच पाहिले तर एका क्लिपेवर भागते. न पाहिले तर लायनर-पिस्टनचे काम निघते.

हा पुरावा दोन ठिकाणी असतो, आणि एक पाहून दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोमीटर ऑइलमध्ये विरघळल्यासारखे तरंगणारे अतिसूक्ष्म कण मोजतो. साधारण पाच ते आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण त्याला नीट दिसत नाहीत. मोठे कण फिल्टरच्या कागदात अडकतात. त्यामुळे ऑइलचा अहवाल चांगला असतानाही फिल्टरमध्ये चकचकीत खपल्या सापडू शकतात, आणि फिल्टर स्वच्छ असतानाही ऑइलमध्ये लोखंड हळूहळू चढत असू शकते. फिल्टर उघडायला मोठे यंत्र लागत नाही. पत्र्याचा डबा कापायच्या कटरने वरचे तोंड गोल कापायचे. हॅक्सॉ वापरायची नाही, कारण तिचाच कीस आत पडून खोटा पुरावा तयार होतो. आतला घड्यांचा कागद सोडवून व्हाइसमध्ये दाबायचा, ऑइल निथळू द्यायचे आणि तो पांढऱ्या कागदावर उन्हात पसरायचा. मग चुंबक फिरवायचे. चुंबकाला चिकटले ते लोखंड किंवा पोलाद. न चिकटणारी पिवळसर-तांबूस चमक बहुधा बेअरिंगची किंवा बुशाची, पांढरट चमक ॲल्युमिनियमची. काळे ठिसूळ कण बोटांनी चुरडले जात असतील तर तो कार्बन आहे, धातू नाही. एवढे पाहायला मिस्त्रीला दहा-पंधरा मिनिटे लागतात.

या विद्येत नवे काही नाही. अमेरिकेतल्या रेल्वेंनी 1940च्या दशकात डिझेल इंजिनांच्या ऑइलमधले धातू मोजून बिघाड आधी ओळखायला सुरुवात केली. पुढे लष्करी विमानांनी ती पद्धत उचलली. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमधल्या प्रयोगशाळाही इंजिनाच्या ऑइलचे असेच नमुने नियमित तपासत आल्या आहेत. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत तर ऑइल बदलताना फिल्टर कापून पाहणे हा देखभालीचा नेहमीचाच भाग आहे, कारण तिथे इंजिन बंद पडणे म्हणजे जिवाशी गाठ असते. मग हीच पद्धत ट्रॅक्टरपर्यंत का पोहोचली नाही? माझ्या मते अडसर विज्ञानाचा नाही, हिशेबाचा आहे. रेल्वेचे इंजिन बिघडले तर नुकसान रेल्वेचे, आणि तपासणीही रेल्वेच करते. ट्रॅक्टर बिघडला तर नुकसान शेतकऱ्याचे, आणि फिल्टर मात्र दुसऱ्याच्या हातात असतो. ज्याच्या हातात पुरावा आहे त्याला तो पाहण्याची गरज वाटत नाही, आणि ज्याला गरज आहे त्याच्यासमोर तो कधी येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रंगाचा. डिझेलचे ऑइल थोड्याच तासांत काळे होते, मग त्यात बघायचे काय? हा आक्षेप एका अर्थी बरोबर आहे. काळा रंग काजळीचा असतो, आणि काजळी धरून ठेवणे हे ऑइलमधल्या रसायनांचे कामच आहे. काळे झालेले ऑइल आपले काम करत असते. म्हणून रंगावरून निदान करणारा मिस्त्रीही चुकतो आणि रंग बघून ऑइल बदलणारा मालकही. पण रंगाशिवाय कितीतरी गोष्टी साध्या डोळ्यांना आणि नाकाला कळतात. ऑइल दुधाळ झाले असेल तर पाणी किंवा कूलंट मिसळले आहे. गेजपट्टीवरची पातळी आपोआप वाढली आणि ऑइलला डिझेलचा वास येऊ लागला तर डिझेल चेंबरमध्ये उतरते आहे. असे पातळ ऑइल बेअरिंगवर टिकत नाही. वाढलेल्या पातळीवर ‘ऑइल खात नाही’ म्हणून समाधान मानणे हे तर सर्वांत महागडे समाधान आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वेळेवर ऑइल आणि फिल्टर बदलले की पुरे, तपासण्या कशाला? वेळेवर बदली आवश्यकच आहे, तिला पर्याय नाही. पण बदलीने झिजेचे कारण जात नाही, फक्त त्याची खूण पुसली जाते. फाटक्या पाइपातून धूळ येत असेल तर नव्या ऑइलमध्येही ती येणारच. फिल्टर फारच भरला तर त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जाते, कारण इंजिनाला ऑइलच न मिळण्यापेक्षा न गाळलेले ऑइल परवडते. वेळेआधीच गच्च भरलेला फिल्टर हीच एक बातमी असते, आणि तो न उघडता फेकला की ती बातमी जाते. बेअरिंगची झीज लवकर कळली तर बेअरिंगचा संच बदलून भागते. उशीर झाला तर क्रँक काढून ग्राइंडिंगला न्यावा लागतो. आणखी उशीर झाला तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि मग दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. या तीन पायऱ्यांमधला फरक बहुतेक वेळा कोणी आधी पाहिले की नाही एवढाच असतो.

तिसरा आक्षेप खोट्या भीतीचा. चार चमकते कण दाखवून एखादा मिस्त्री गरज नसताना इंजिन खोलायला लावेल, ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर या विद्येच्या नियमांतच आहे. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनाच्या पहिल्या ऑइलमध्ये धातूची बारीक चमक असणारच. भाग एकमेकांना बसत असतात, म्हणूनच पहिली बदली लवकर सांगितलेली असते. एकटे सिलिकॉन दिसले तर ते नव्या गॅस्केटला लावलेल्या सीलंटचेही असू शकते. म्हणून एका नमुन्यावर निर्णय घ्यायचा नसतो. त्याच इंजिनाचे मागचे आकडे, ऑइल किती तास चालले, मध्ये किती भर घातली, हे सारे सोबत ठेवून चढ पाहायचा असतो. दोनशे तासांचे आणि चारशे तासांचे लोखंड सारखे मोजता येत नाही. अचानक मोठ्या खपल्या निघाल्या तर मात्र थांबायलाच हवे. लिहून ठेवलेली नोंद मालकाला मिस्त्रीच्या लोभापासूनही वाचवते आणि स्वतःच्या घाबरटपणापासूनही. हेही मान्य केले पाहिजे की या तपासणीला मर्यादा आहेत. एकाएकी तुटणारा बोल्ट किंवा फुटणारा पाइप आधी ऑइलमध्ये दिसत नाही. पण हळूहळू वाढणारी झीज दिसते, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाचे आयुष्य बहुतांशी तीच खाते.

राहिला खर्चाचा प्रश्न. इथे शेतकऱ्याला नवे काही शिकवायचे नाही. 2015 मध्ये मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाल्यापासून मातीचा नमुना कसा घ्यायचा हे गावोगाव सांगितले गेले आहे. बांधाजवळची, खताच्या ढिगाखालची माती घ्यायची नाही, ठिकठिकाणची मिसळून घ्यायची. ऑइलचेही तसेच. इंजिन चालवून गरम असताना नमुना घ्यायचा, पहिली धार सोडून मधली धार कोरड्या स्वच्छ बाटलीत धरायची, आणि बाटलीवर तास, ऑइलचा ग्रेड, बदलीची तारीख लिहायची. प्रत्येक बदलीला प्रयोगशाळा लागत नाही. फिल्टर उघडणे दर वेळी, आणि प्रयोगशाळा वर्षातून एकदा किंवा शंका आल्यावर, एवढे पुरेसे आहे. अडचण आहे ती प्रयोगशाळा हाताशी नसण्याची. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टरसारखे सामायिक सुविधा केंद्र आहे, शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. यांपैकी एखाद्या संस्थेने ऑइल तपासणी शेतकऱ्याला परवडेल अशा दरात सुरू करावी, बिडकीनमध्ये नमुने जमा करण्याची सोय करावी, आणि आयटीआयच्या डिझेल व ट्रॅक्टर मेकॅनिकच्या प्रात्यक्षिकात फिल्टर कापून वाचणे हा परीक्षेचा भाग करावा. वंगणतेलात मिसळायची रसायने बनवणाऱ्या लुब्रिझॉल कंपनीने या औद्योगिक क्षेत्रात 120 एकर जागेवर प्रकल्प जाहीर केला आहे. तेलाचे इतके मोठे शास्त्र दाराशी येणार असेल तर त्याचा थोडा उपयोग शेजारच्या ट्रॅक्टरलाही व्हावा, ही अपेक्षा जास्त नाही.

शेवटचा आक्षेप काळाचा आहे. बिडकीनमध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे कारखाने येऊ घातले आहेत. मग डिझेल इंजिनाच्या ऑइलचे वाचन शिकून काय करायचे? मोटारी आणि दुचाकी झपाट्याने विजेवर जातील हे खरे. पण आज शेतात उभा असलेला ट्रॅक्टर पुढची कित्येक वर्षे चालवायचा आहे, आणि तो ज्याच्याकडे आहे त्याला नवा घेणे सोपे नाही. शिवाय हे कौशल्य डिझेलपुरते नाही. विजेच्या गाडीतही गिअर असतो आणि त्याला तेल असते. कारखान्यातले हायड्रॉलिक प्रेस, कॉम्प्रेसर, प्लास्टिक मोल्डिंगची यंत्रे तेलावरच चालतात, आणि त्यांची झीजही तेलातच उतरते. फिल्टर वाचायला शिकलेला मुलगा उद्या त्याच औद्योगिक क्षेत्रात यंत्र देखभालीचे काम मागू शकतो. वाचून झालेल्या ऑइलचीही जबाबदारी आहेच. कायद्याने ते घातक कचरा आहे, आणि 1 एप्रिल 2024 पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. पैठणच्या नाथसागरावर ज्या परिसराची तहान भागते, तिथे ते नाल्यात किंवा बांधावर ओतणे परवडणारे नाही. नमुना काढून उरलेले ऑइल आणि निथळलेला फिल्टर नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. पण सुरुवात मालकाच्या एका मागणीने होईल, आणि तिला ना योजना लागते ना अनुदान. ऑइल बदलीचे पैसे देताना त्याने एवढेच म्हणावे: बिल नंतर, आधी जुना फिल्टर कापून दाखवा.