ओल्या बाळंतिणीचा सत्कार

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी झाल्यावर आमच्या बस्तीच्या सभागृहात उपास केलेल्यांचा सत्कार झाला. निपाणी-चिकोडी भागातल्या कुठल्याही गावात होतो तसाच. समोर सतरंज्या, वर खुर्च्या, मधूनच किंचाळणारा माईक. शाल पांघरायला आणि ओटी भरायला मला बोलावलं होतं. दहाच्या दहा दिवस नुसत्या पाण्यावर राहिलेल्या पाच जणी होत्या. त्यातली चौथी आली ती चार महिन्यांच्या बाळाची आई. मला ते ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं. बाळ मागच्या रांगेत तिच्या सासूच्या मांडीवर रडून रडून लाल झालेलं. मी शाल घातली तेव्हा पोरीचा ब्लाऊज पुढून ओला झालेला दिसला. तिनं पदर ओढून घेतला आणि फोटोसाठी हसली. टाळ्या झाल्या. त्यात माझ्याही होत्या.

पुढच्या आठवड्यात ती धुणं धुताना चक्कर येऊन पडली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी बाळाला काट्यावर घातलं. महिन्याभरात शंभर ग्रॅमसुद्धा वाढलं नव्हतं. मग आईला विचारलं, "तुम्ही जेवता काय?" पोरीनं उत्तर द्यायच्या आधी सासूकडे बघितलं.

घरात पावडरच्या दुधाचा डबा आला. आता रात्री दोन वाजता गॅस पेटतो, पाणी उकळतं, बाटली धुतली जाते, आणि ते सगळं चालतं. त्याच घरात रात्री आठ वाजता त्या बाळाच्या आईनं दोन घास भात मागितला तर व्रत मोडतं.

म्हणून हे लिहायला बसले. पोटात पोर वाढत असताना आपण बाईला "दोन जिवांची आहे, खा गं" म्हणतो. डोहाळजेवण करतो. पोर बाहेर आलं की आपल्या लेखी ती पुन्हा एका जिवाची होते. खरं तर भूक वाढते ती तिथूनच. बाळ पहिले सहा महिने फक्त अंगावर पीत असेल तर आईच्या अंगातून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध जातं. त्यासाठी तिच्या नेहमीच्या जेवणावर रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात असं आपल्याच देशातली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. गरोदरपणात लागतात त्याहून हे जास्त आहे. हिशोब साधा सांगायचा तर ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि म्हशीच्या दुधाचा एक मोठा पेला, हे रोजच्या ताटाच्या वर. ताटातलं कमी करून नव्हे.

आता आपल्या घरातलं ताट बघूया. कंदमूळ नाही, ते आपण कोणीच खात नाही, सोडून द्या. इतर घरांतून बाळंतिणीला दूध यावं म्हणून लसूण देतात, तोही नाही. बाळंतपण चातुर्मासात आलं तर पालेभाजी बंद, म्हणजे मेथी गेली, शेपू गेला, शेवग्याचा पाला गेला. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं काहीच नाही. इथवर धर्म झाला. यापुढचं धर्मात कुठंही नाही, आपल्या आज्या-पणज्यांनी जोडलेलं आहे. डाळ नको, बाळाला वात होईल. केळं नको, सर्दी होईल. पाणी जास्त नको, पोट सुटेल. दही नको, ताक नको. वजा करत करत शेवटी तूप घातलेला मऊ भात आणि मिरपूड उरते. आई-बापाचं घर बरं असेल तर डिंकाचे लाडू मिळतात, पण तेही किती दिवस? सव्वा महिना. तिसऱ्या महिन्यात सासरी आली की लाडवाचा डबा रिकामा आणि दळण, धुणं, गोठा पुन्हा तिच्याकडे. बाळ मात्र अजून तीन महिने तरी फक्त तिच्यावरच.

आणि रात्र. मार्गशीर्षात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. तेरा तास. चारी आहारांचा त्याग असेल तर पाणीसुद्धा नाही. या तेरा तासांत तान्हं बाळ तीन वेळा, चार वेळा उठतं. अंगावर पाजायला बसलं की कशी तहान लागते, घसा कसा कोरडा पडतो, हे आपल्यातल्या प्रत्येकीनं भोगलंय. मी स्वतः चाळीस वर्षं रात्रीचं जेवत नाही, आणि मरेपर्यंत जेवणार नाही. पण माझ्या अंगावर आता कोणी पीत नाही.

माझी एक मावशी सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकलेली. तिनं मला लहानपणी तत्त्वार्थसूत्र पाठ करून घेतलं. दशलक्षण पर्वात दहा दिवसांत त्याचे दहा अध्याय वाचतात, रोज एक, हे तुम्हाला सांगायला नको. सातवा दिवस उत्तम तप धर्माचा. त्या दिवशी आपण उपासवाल्यांचं सगळ्यात जास्त कौतुक करतो. आणि त्याच दिवशी वाचतात तो सातवा अध्याय, त्यात व्रतांचे अतिचार सांगितलेत. अहिंसाणुव्रताचे पाच. त्यात चौथा अतिभारारोपण, म्हणजे झेपणार नाही इतकं ओझं लादणं. पाचवा अन्नपाननिरोध. आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाचं अन्नपाणी अडवणं. अहिंसेत दोष लागतो तो याने. टीकाकार इथं गाई-बैलांचं उदाहरण देतात, आणि आपल्या भागातले शेतकरी ते पाळतातही. व्यालेल्या म्हशीची सरकी पेंड कोणी तोडत नाही. तिला कोणी चतुर्दशी पाळायला लावत नाही. उलट, धार काढायच्या आधी आंबोण पुढ्यात ठेवतात. म्हशीला जे कळतंय म्हणून देतो, ते सुनेला देताना आपल्याला शास्त्र आठवतं!

सोळा कारण भावना आपण म्हणतो, त्यातही तप आणि त्याग "शक्तितः" सांगितलेत. शक्ती असेल तेवढंच. चार महिन्यांच्या बाळाच्या आईची शक्ती आधीच कुठं चालली आहे, हे बघायला शास्त्री लागत नाही.

हे बोललं की वयस्क बायका म्हणतात, "आम्ही नाही का केलं? आमचं दूध कधी आटलं?" काकू, खरं आहे, आटलं नसेल. एका दिवसाच्या उपासानं दूध आटत नाही, मीही तसं म्हणत नाही. देहाची रीतच अशी आहे की आईला कमी पडलं तरी बाळाचा वाटा तो शक्य तोवर काढून ठेवतो. तो तिच्या हाडांतून, तिच्या रक्तातून काढतो. दूध येतंय याचा अर्थ तिला पुरतंय असा होत नाही. आज साठीत आपल्यातल्या किती जणी पाट्यावर बसून उठू शकतात? आणि सगळंच देह भरून काढत नाही. बी-१२ जीवनसत्त्व आईच्या अंगात कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. आपल्या शाकाहारी जेवणात ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं, आणि आपण बाळंतिणीचं दहीच बंद करतो. मग अंगावर पिणारं बाळ मलूल पडतं, मान धरायला उशीर करतं, कधी अंग थरथरतं. वेळीच कळलं तर औषधानं सुधारतं. आणि "आम्ही नाही का केलं" म्हणताना तेव्हा पाळण्यातून गेलेली पोरंही मोजायला हवीत. माझ्या आईची सात बाळंतपणं, आम्ही चार उरलो. ती तीन उपासानं गेली असं मी म्हणत नाही. कशानं गेली ते कोणी विचारलंच नाही, एवढंच म्हणते.

दुसरं उत्तर जास्त अवघड आहे. "आम्ही कुठं सांगितलं? तिनंच हट्टानं धरला उपास." हेही खरं असतं. त्या पोरीनंही स्वतःच धरला होता, मी विचारलं तिला नंतर. म्हणाली, "अक्का, लग्न होऊन तीन वर्षं झाली, माझं नाव माईकवर पहिल्यांदाच घेतलं." मी गप्प बसले. बी.कॉम. झालेली मुलगी. हिशोब चोख, आवाज चांगला, स्तवन म्हणते. यातल्या कशासाठी तिला आपण कधी व्यासपीठावर बोलावलं? मुनिमहाराजांचा चौका लागतो तेव्हा पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक ती करते, पुढे उभे राहतात घरातले मोठे. सुनेनं मान मिळवायचा तर आपण तिला एकच वाट ठेवली आहे, उपाशी राहायची. मग ती तीच धरते, आणि आपण म्हणतो तिनंच धरली.

मी व्रतं मोडा म्हणत नाही. द्विदल खा, कंदमूळ खा, असलं काही माझ्या तोंडी घालू नका. उजेडाच्या अकरा ते तेरा तासांतही भरपूर खाता येतं, पण ते हातात आणून द्यावं लागतं. बाळ मांडीवर घेऊन बसलेली बाई चार वेळा उठून चूल पेटवणार नाही. उठल्यावर दूध आणि खारीक, मग भाकरी-मुगाची उसळ, दुपारी वरण-भात-तूप, चारला शेंगदाणे-गूळ किंवा नाचणीची खीर, मावळायच्या आत पुन्हा पोटभर. पाणी मागेल तेवढं, रात्रीसुद्धा. सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या आणि सहा महिने कॅल्शियम फुकट देतात, ते आणायला नवऱ्याला पाठवा. बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारा. कॅप्सूलच्या आवरणात जिलेटिन असतं ही शंका असेल तर औषधवाल्याकडे साधी गोळी मागा, मिळते. आणि एवढं करूनही एखादीला रात्री भूक आवरली नाही, तर तिनं खावं. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्या ताटाकडे कोणी बघू नये. नियम तिनं नंतर पुन्हा घ्यावा. घेईल ती, आपल्या पोरी काही धर्म सोडून पळालेल्या नाहीत.

यंदाही समितीचं पत्र आलं, सत्काराला यावं म्हणून. मी उलट लिहिलं की ज्यांचं मूल वर्षाच्या आतलं आहे अशा कोणाचंही नाव उपासाच्या यादीत घेणार नाही, असं पर्वाच्या आधी माईकवरून सांगा, मग मी येते. शिवाय त्या पोरीला सातव्या दिवशी सातवा अध्याय वाचायला बसवा, तिचा आवाज चांगला आहे. अध्यक्षांचा फोन आला, "बघूया म्हणाले सगळे." भाद्रपद शुद्ध पंचमीला अजून तीन आठवडे आहेत. शाल पांघरायला दुसरी कोणीतरी मिळेलच त्यांना. तुमच्यातल्याच एखादीला विचारतील.