रॅमची कमाल मर्यादा ठरवतो कोण?

लॅपटॉप रेंगाळू लागला की 'रॅम वाढवून घ्या' असा सल्ला मिळतो, आणि बहुतेक वेळा तो योग्यही असतो. ब्राउझरच्या पंधरा-वीस खिडक्या, एक्सेलची मोठी शीट आणि एखादी ऑनलाइन बैठक एकाच वेळी चालू असली की आठ जीबी रॅम अपुरी पडते. मग यंत्र एसएसडीवरची थोडी जागा रॅम म्हणून वापरू लागते, आणि एसएसडी कितीही चपळ असली तरी रॅमपुढे ती संथच. खरा प्रश्न त्यानंतर येतो. या लॅपटॉपमध्ये जास्तीत जास्त किती रॅम चालेल? विचारणाऱ्याला एकच आकडा हवा असतो. तो आकडा मात्र प्रोसेसर, रॅमची चिप, लॅपटॉपची कंपनी आणि ऑपरेटिंग सिस्टीम अशा चौघांच्या हातात असतो.

रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधली ने-आण मेमरी कंट्रोलर, म्हणजे स्मृतीचा नियंत्रक, सांभाळतो. पूर्वी तो मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असे. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ बरोबर आणि इंटेलने २००८ मध्ये नेहॅलेम रचनेबरोबर तो प्रोसेसरच्या पोटातच बसवला. म्हणून आजच्या लॅपटॉपची पहिली मर्यादा शोधायची ती प्रोसेसरच्या माहितीपत्रकात. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर गेले की 'मॅक्स मेमरी साइझ' ही नोंद सापडते.

ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग त्या मानाने सोपा आहे. रॅममधल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो, आणि पत्त्याची लांबी ठरली की पत्ते किती निघतील हेही ठरते. सहा आकडी पिनकोडमधून दहा लाखांपेक्षा जास्त क्रमांक निघूच शकत नाहीत, तसे. ३२ बिटांच्या पत्त्यातून ४२९ कोटींच्या आसपास पत्ते निघतात, म्हणजेच ४ जीबी. त्यातलेही काही ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून ३२ बिटांच्या विंडोजवर ४ जीबी बसवूनही सव्वातीनच्या आसपासच वापरता येत असे. ६४ बिटांच्या विंडोज १० आणि ११ च्या होम आवृत्तीची मर्यादा १२८ जीबी आहे. घरगुती लॅपटॉपला ती सहसा आड येत नाही.

खरी गुंतागुंत चिपच्या घनतेत आहे, आणि तिथेच माहितीपत्रकातला आकडा फसवा ठरू शकतो. लॅपटॉपच्या रॅमची पट्टी, जिला एसओ-डिम म्हणतात, तिच्यावर साधारणपणे जास्तीत जास्त सोळा चिप बसतात. डीडीआर३ च्या काळात सर्रास मिळणारी मोठी चिप ४ गिगाबिटची होती. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ती चिप अर्ध्या जीबीची. सोळा चिप मिळून पट्टी ८ जीबीची. दोन स्लॉट असलेल्या लॅपटॉपचा हिशेब १६ जीबीवर थांबतो.

आता इंटेलचे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहा. २०१३ चा चौथ्या पिढीचा आय५-४२००यू आणि २०१५ चा पाचव्या पिढीचा आय५-५२००यू. दोघांच्याही माहितीपत्रकात कमाल मर्यादा १६ जीबीच छापलेली आहे. पुढे ८ गिगाबिटच्या चिप वापरून केलेल्या १६ जीबीच्या डीडीआर३ पट्ट्या बाजारात आल्या. चिपच्या आतल्या रांगा आणि स्तंभांची मांडणी बदललेली असल्याने चौथ्या पिढीच्या नियंत्रकाला त्या वाचताच येत नाहीत. पाचव्या पिढीच्या अनेक लॅपटॉपनी मात्र त्याच पट्ट्या निमूट स्वीकारल्या आणि ते ३२ जीबीवर चालले. छापलेला आकडा एकच असला तरी एका ठिकाणी ती खरीखुरी भिंत होती. दुसऱ्या ठिकाणी त्या वेळी उपलब्ध असलेल्या पट्ट्यांचा तो नुसता गुणाकार होता.

हा अपवाद नव्हे. आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू ची अधिकृत मर्यादा ३२ जीबी. पण ३२ जीबीच्या डीडीआर४ पट्ट्या मिळू लागल्यावर दोन स्लॉटच्या कित्येक लॅपटॉपवर ६४ जीबी चालल्या. कंपनी तपासून पाहिलेलाच आकडा छापते आणि त्यात गैर काही नाही. जी पट्टी बाजारातच आलेली नाही तिची हमी कोणी द्यावी? मात्र छापील आकड्यापलीकडे जायचे तर जोखीम आपली असते. पट्टी परत घेण्याचे दुकानदाराने आधी कबूल केले असेल तरच तो प्रयोग करावा.

यानंतर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा वाटा. प्रोसेसर ६४ जीबी पेलत असला तरी बोर्डावर एकच स्लॉट ठेवला तर हिशेब अर्ध्यावर येतो. कित्येक मॉडेलांत ८ जीबी बोर्डालाच डाखलेली असते आणि वाढीसाठी एक स्लॉट मोकळा सोडलेला असतो. तिथे १६ जीबीची पट्टी लावली की एकूण २४ होतात. हा आकडा विचित्र दिसतो, पण चालतो.

आपल्या यंत्रात काय आहे हे पाहण्यासाठी लगेच स्क्रू काढायला नकोत. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. 'परफॉर्मन्स'मधल्या 'मेमरी'वर गेले की किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते. त्याच्याजवळची 'फॉर्म फॅक्टर' ही ओळ जास्त महत्त्वाची. तिथे 'एसओ-डिम' असेल तर पट्टी बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावर डाखलेली आहे. डाखलेल्या रॅमच्या यंत्रावर कधी कधी 'आठपैकी आठ स्लॉट' असेही दिसते. ते स्लॉट नसतात, चिपची मोजदाद असते.

लिनक्सवर 'डीएमआयडीकोड' या आज्ञेने कमाल क्षमतेची नोंद वाचता येते. विंडोजवर पॉवरशेलमधून तीच नोंद किलोबाइटमध्ये मिळते. ३३५५४४३२ असा आकडा आला तर तो ३२ जीबी. पण ही नोंद यंत्र मोजून सांगत नाही. लॅपटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत, कंपनीने ती भरून ठेवलेली असते, आणि ती चुकीची भरलेली असल्याची उदाहरणे भरपूर आहेत. त्यामुळे तळाच्या स्टिकरवरचा नेमका मॉडेल क्रमांक घेऊन त्याची देखभाल पुस्तिका पाहावी, ती प्रोसेसरच्या पत्रकाशी ताडावी आणि रॅम बनवणाऱ्या कंपन्यांच्या सुसंगतता याद्याही चाळाव्यात. तिन्ही जुळले तर प्रश्न मिटला.

क्षमता जुळली तरी जात जुळावी लागते. डीडीआर३ च्या पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२. खाच वेगळ्या जागी असल्याने चुकीची पट्टी बसतच नाही. फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. खाच तीच, पिना तेवढ्याच. पण पहिलीला दीड व्होल्ट लागतो आणि दुसरी १.३५ व्होल्टवर चालते. फक्त कमी व्होल्टवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये दीड व्होल्टची पट्टी छान बसते आणि पडदा काळाच राहतो. जुन्या लॅपटॉपसाठी रॅम घेताना लेबलवर 'पीसी३एल' यातले 'एल' डोळ्यांनी पाहूनच पैसे द्यावेत.

हा सगळा खटाटोप स्लॉट असेल तरच. २०१२ मध्ये अ‍ॅपलने रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम डाखली. २०२० च्या एम१ मध्ये ती प्रोसेसरच्याच संचात गेली आणि ८ किंवा १६ जीबी यांतून खरेदीच्या वेळीच निवड करणे भाग पडले. इंटेलने २०२४ च्या लूनर लेकमध्ये तोच मार्ग धरला. तिथे पर्याय १६ किंवा ३२. यामागची तांत्रिक कारणे खरी आहेत. कमी विजेवर चालणाऱ्या एलपीडीडीआर चिपना आखूड तारा लागतात, त्यातून वेग आणि बॅटरी दोन्ही साधतात आणि यंत्र पातळ होते. पण त्यामुळे बदलती रॅम अशक्यच होते असेही नाही. डेलने पुढे आणलेल्या कॅम रचनेवरून जेडेक या मानक संस्थेने २०२३ च्या डिसेंबरात कॅम२ हे मानक जाहीर केले, आणि लेनोवोच्या थिंकपॅड पी१ च्या सातव्या आवृत्तीत एलपीडीडीआर प्रकारची रॅम स्क्रू काढून बदलता येते.

म्हणून रॅम डाखण्याबद्दल कंपन्यांना सरसकट दोष देता येणार नाही. दोष आहे तो ही गोष्ट गिऱ्हाइकाला ठळकपणे न सांगण्याचा. आपल्याकडे खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, आयात मालावर मूळ देशही छापावा लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केले. तरीही रॅम वाढवता येते का, स्लॉट किती आणि कमाल मर्यादा किती, हे बहुतेक खोक्यांवर सापडत नाही. ही एक ओळ छापणे सक्तीचे करायला हरकत नाही. कंपनीकडे ती माहिती पहिल्या दिवसापासून असते. तोवर वाचकांनी दुकानात मांडलेल्या नमुन्यावर टास्क मॅनेजर उघडून 'फॉर्म फॅक्टर' वाचावे, आणि तिथे 'रो ऑफ चिप्स' दिसले तर मोकळा स्लॉटही आहे का ते विचारावे. नसेल तर पुढच्या पाच वर्षांना पुरेल एवढी रॅम त्याच दिवशी घ्यावी, नाहीतर दुसरे मॉडेल पाहावे.