पाच मार्कांची व्हिक्टोरिया

इंग्रजी स्पेशल घेऊन बी.ए. करणाऱ्या कोल्हापुरातल्या पोरापोरींना विचारा, व्हिक्टोरियन युगाची वैशिष्ट्यं काय? उत्तर पाठ असतं. औद्योगिक क्रांती, विज्ञान विरुद्ध श्रद्धा, कडक नीतिमत्ता, कादंबरीचा सुवर्णकाळ. पाच मार्क. मग विचारा, डिकन्सची एक तरी कादंबरी शेवटपर्यंत वाचलीस का? बरेच जण हसून विषय बदलतात.

राग त्यांच्यावर काढू नका. सारांश गाईडमध्ये, आयएमपी प्रश्न नोट्समध्ये, नोट्स झेरॉक्सच्या दुकानात. पुस्तक न उघडता फर्स्ट क्लास मिळत असेल तर पाचशे पानं कोण वाचेल? दोष पेपर काढणाऱ्यांचा आहे आणि वर्गात नोट्स सांगून तास संपवणाऱ्यांचा आहे.

यावर एक सोपा उपाय हल्ली सगळीकडे ऐकू येतो. साहेब गेला, आता त्याचं साहित्य कशाला? स्पोकन इंग्लिश शिकवा, पोरं नोकरीला लागतील. हा सल्ला कुणाला दिला जातो ते बघा. ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटं आहेत, त्यांची मुलं डिकन्स वाचतातच. राधानगरीहून एसटीनं येणाऱ्या पोरीनं मात्र कस्टमरशी बोलण्यापुरतं इंग्रजी शिकावं! विचार करण्याचं इंग्रजी एकाला आणि हुकूम ऐकण्याचं दुसऱ्याला, ही वाटणी आपल्याला मान्य आहे का?

आणि हा काळ परक्याचा आहे, हे कुणी सांगितलं? व्हिक्टोरिया गादीवर होती १८३७ ते १९०१. राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले आणि परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. त्यांची इंग्रजी रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. संपादक सोबतचे इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्ट. मग त्या पानांत राजा किती आणि साहेब किती? हा प्रश्न व्हिक्टोरियन गद्याच्या पेपरात का नसावा? १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्यातले आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून आपल्याच समाजाशी भांडत होते. आणि ज्या १९०१ मध्ये राणी वारली, त्याच वर्षी शाहू महाराजांच्या पुढाकारानं खेड्यातल्या पोरांसाठी कोल्हापुरात बोर्डिंग निघालं. त्याचं नाव व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. हे सगळं गाईडच्या बाहेर राहिलं.

आता डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' घ्या. पिप नावाचा अनाथ पोरगा. त्याला सांभाळणारा दाजी, जो, हा गावचा लोहार. पिपला कुठून तरी पैसा मिळतो, तो लंडनला जाऊन जंटलमन होतो. एक दिवस जो त्याला भेटायला येतो आणि पिपला त्याच्या कपड्यांची, बोलण्याची लाज वाटते. हॉस्टेलवर भेटायला आलेल्या बापाला मित्रांपासून लांब नेऊन बोलणाऱ्या पोराला ही गोष्ट कुणी समजावून सांगायला हवी का? शिकलं की माणूस घरापासून तुटतो, त्याचा हिशोब या कादंबरीत मांडलेला आहे. पण गाईडमध्ये त्याचं होतं 'पिपचे स्वभावचित्रण', दहा मार्क.

म्हणून डिकन्सची आरती करा, असं मी म्हणत नाही. याच डिकन्सनं १८५७ च्या उठावानंतर एका खासगी पत्रात लिहिलं की आपण हिंदुस्थानात सेनापती असतो, तर या लोकांना नामशेष करण्यासाठी जमेल ते सगळं केलं असतं. लंडनच्या गरिबासाठी कळवळणाऱ्या माणसाला आपण माणसं दिसलो नाही. हेही वर्गात सांगा. कादंबरी न वाचलेल्या पोराला त्याच्यावर नीट रागावताही येत नाही. तो फक्त नोट्स उतरवून घेतो.

मागणी फार मोठी नाही. एका सेमिस्टरला एकच कादंबरी ठेवा, पण अख्खी वाचून घ्या. परीक्षेत पुस्तक समोर ठेवून लिहू द्या. सारांश आपोआप निरुपयोगी होईल. वर्गातली चर्चा मराठीत होऊ द्या, कारण लाज काय असते हे आपण मराठीतच शिकलोय. आणि शेजारी हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' ठेवा. तीही त्याच राणीच्या काळात, साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आलेली आहे.

सिलॅबस बदलेपर्यंत थांबू नका. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'सुद्धा १८६०-६१ साली साप्ताहिकातूनच आली. प्रकरणं ५९. नेटवर फुकट आहे, कायदेशीर आहे, फोनवर उघडते. रोज एक वाचलं तरी दोन महिन्यांच्या आत संपते. अडलेले शब्द सोडून द्या, पुढे जा. जो भेटायला येतो ते प्रकरण सत्ताविसावं. तिथपर्यंत पोचलात की गाईड रद्दीत घाला.